जर्नलला पेपर पाठवताय? आधी तारखा लावून बघा

मी एका मेडिकल जर्नलच्या एडिटोरियल टीममध्ये आहे. नवीन पेपर उघडला की अ‍ॅबस्ट्रॅक्ट मी नंतर वाचते, आधी तीन तारखा शोधते. एथिक्स कमिटीचं (स्टडी पेशंटसाठी योग्य आहे का हे बघणाऱ्या समितीचं) अप्रूव्हल कधीचं, ट्रायल, म्हणजे पेशंटवर उपचार तपासणारी स्टडी, रजिस्टर कधी झाली आणि तिच्यात पहिला पेशंट कधी घेतला. पेशंट आधी आणि अप्रूव्हल मागून असं निघालं तर बाकी काम कितीही चांगलं असलं तरी पेपर तिथेच अडकतो, आणि वाईट याचं वाटतं की ती तारीख नंतर कोणालाच बदलता येत नाही.

म्हणून पाठवायच्या आधी नाही, स्टडी सुरू करायच्या आधी एक कागद घ्या आणि या तारखा त्यावर लिहायला लागा. मेडिकल जर्नल्सच्या एडिटर्सची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिचा नियम 2005 पासून आहे की ट्रायल पब्लिक रजिस्ट्रीत, म्हणजे कोणालाही बघता येईल अशा नोंदवहीत, पहिला पेशंट घेतला जाईपर्यंत नोंदवलेली हवी. बऱ्याच जणांना हा नुसता फॉर्म भरायचा त्रास वाटतो पण तसं नाहीये. एक पेपर आठवतो, टेबलं स्वच्छ, भाषा छान, औषधाने तिसऱ्या आठवड्यात दुखणं कमी झालं असं लिहिलेलं. रजिस्ट्री उघडली तर तिथे प्रायमरी आउटकम (औषध चाललं का हे ठरवायचं आधीच नोंदवलेलं मुख्य मोजमाप) सहाव्या आठवड्याचं. सहाव्या आठवड्याचा आकडा पेपरात कुठे होता? शेवटच्या टेबलात, सगळ्यात खालच्या ओळीत, आणि तिथे दोन्ही ग्रुप सारखेच. आधी लिहून ठेवलेलं होतं म्हणून हे कळलं, नाहीतर ते औषध लोकांना दिलं गेलं असतं. आउटकम मधेच बदलावं लागलं तर बदला, पण कधी आणि का ते रजिस्ट्रीत आणि पेपरात दोन्हीकडे लिहा.

आता ऑथरशिप. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. आयसीएमजेईच्या चार अटी आहेत: स्टडीची आखणी किंवा डेटा गोळा करणं, त्याचं अ‍ॅनालिसिस करणं, अर्थ लावणं यापैकी कशाततरी खरा वाटा, पेपर लिहिण्यात किंवा नीट तपासून सुधारण्यात वाटा, छापायच्या व्हर्जनला मंजुरी, आणि पुढे कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची जबाबदारी. चारही हव्यात, तीन चालत नाहीत. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, फंड मिळवून दिला म्हणून नाव, हे बसत नाही, त्यांचे आभार माना (तेही त्यांना विचारून, लेखी). आणि उलटंही होतं, वर्षभर रात्री जागून डेटा गोळा केलेल्या रेसिडेंटचं नाव गळतं, ते मला जास्त लागतं, कारण त्याला लिहिण्यात घेतलंच नाही आणि मग म्हणायचं की तो अटीत बसत नाही. त्याला ड्राफ्ट दाखवा, संधी द्या. पहिलं नाव कोणाचं, क्रम काय, हे पहिल्याच मीटिंगला ठरवून सगळ्यांना मेल टाका. एआय टूल वापरलं असेल तर कुठे आणि कशाला ते सांगा, ऑथर म्हणून त्याचं नाव येत नाही कारण चौथी अट ते पाळूच शकत नाही.

केस रिपोर्टला (एखाद्या पेशंटच्या आजाराबद्दलच्या पेपरला) पेशंटची लेखी परवानगी लागतेच, आणि ती उपचाराच्या कन्सेन्टपेक्षा वेगळी असते. डोळ्यांवर काळी पट्टी टाकली की झालं असं समजू नका. एका फोटोत चेहरा झाकलेला होता पण मनगटावरचा टॅटू स्पष्ट दिसत होता, घरच्या माणसाने एका सेकंदात ओळखलं असतं. फोटो पेशंटला दाखवा, हा जगात कोणीही बघू शकेल असं साध्या भाषेत सांगा, मग सही घ्या.

पैशाचे संबंध लपवू नका. 1998 मध्ये लॅन्सेटमध्ये एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा 12 मुलांचा पेपर आला, मुख्य लेखकाला लस कंपन्यांविरुद्ध केस लढणाऱ्या वकिलाकडून पैसे मिळत होते आणि ते पेपरात नव्हतं. पेपर मागे घ्यायला 2010 उजाडलं, तोवर किती आईबापांनी लस टाळली असेल. आयसीएमजेईचा फॉर्म मागचे 36 महिने विचारतो, लेक्चरचं मानधन, प्रवासखर्च, शेअर्स, सगळं लिहा. संबंध आहे म्हणून पेपर नाकारला जात नाही, लपवलेला सापडला की मग अवघड होतं.

एक पेपर एका वेळी एकाच जर्नलला. स्वतःच्याच जुन्या पेपरातला मजकूर उचलला तर तसं लिहा, आणि एका स्टडीचे उगाच तुकडे करून चार पेपर करू नका. रॉ डेटा जपून ठेवा, आम्ही मागू शकतो.

आणि छापून झाल्यावर चूक दिसली तर? दुसऱ्या कोणी दाखवायची वाट बघू नका, एडिटरला मेल करा. कुठल्या टेबलात, कुठला आकडा, चूक कशी सापडली, निष्कर्ष बदलतो का, सगळ्या ऑथर्सना माहीत आहे का, एवढं लिहा आणि दुरुस्त टेबल सोबत जोडा. निष्कर्ष टिकत असेल तर करेक्शन निघतं, टिकत नसेल तर रिट्रॅक्शन, म्हणजे पेपर मागे घेतला जातो, आणि प्रामाणिक चूक असेल तर रिट्रॅक्शनच्या नोटीसमध्ये आम्ही तसं स्पष्ट लिहितो.