दूर राहणाऱ्या जोडप्यांसाठी डिव्हाइस बनवताय? मग मेसेज सोडून विचार करा

लाँग डिस्टन्सवाल्यांसाठी काही बनवायचं म्हटलं की लोक आधी चॅट ॲपकडेच वळतात, पण बोलायला साधनं ढीगभर आहेत हो, कमी पडतं ते एकही शब्द न टाईप करता "तुझी आठवण आली" एवढं पोचवणं. 1997 मध्ये एमआयटी मीडिया लॅबमधल्या 'इनटच'मध्ये नुसते रोलर होते, इकडचा फिरवला की तिकडचाही फिरायचा. 2005 च्या एका प्रयोगात तर स्क्रीनवर फक्त एक गोल होता, जोडीदाराने क्लिक केलं की लालभडक व्हायचा आणि हळूहळू फिका पडायचा. मला हे फार आवडतं, कारण अर्थ लावायचं काम त्या दोघांवर सोडलंय.

सुरुवातीला दोन दिवे करा. साधे ईएसपी32, म्हणजे वायफाय असलेले छोटे कंट्रोलर बोर्ड घ्या (त्यातला सी3 प्रकार नको, त्यात स्पर्श ओळखणाऱ्या टच पिना नसतात), एलईडी जोडा, एमक्यूटीटीने (मधल्या सर्व्हरमार्फत उपकरणांमध्ये छोटे मेसेज पाठवायची पद्धत) सिग्नल पाठवा. एकाने हात लावला की दुसऱ्याचा दिवा लागेल आणि तासाभरात मंद होत विझेल. आता खरी गंमत, समोरचा दिवा बंद असेल तर? एमक्यूटीटीचा रिटेन फ्लॅग (शेवटचा मेसेज सर्व्हरवर जपून ठेवायची खूण) लावला की शेवटचा सिग्नल नंतर मिळतो, पण तो आत्ताचा की कालचा ते कळत नाही, म्हणून सिग्नलमध्येच वेळ टाका आणि जुना असेल तर अगदी मंद उजेड दाखवा, म्हणजे कळतं की मी नसताना आठवण काढली होती.

काउंटर, स्ट्रीक (सलग किती दिवस याची मोजणी), 'सीन'ची (पाहिल्याची) खूण, लोकेशन यातलं काहीही नको. आकडा दिसला की "काल तू दोनदाच हात लावलास" सुरू होतं आणि जवळीक राहते बाजूला, हजेरी लागते. ऑनलाइन-ऑफलाइनसुद्धा दाखवू नका, वायफाय गेलंय की मुद्दाम बंद केलंय हे समोरच्याला कळायची गरज नाही, कधीतरी माणसाला एकटं राहावंसं वाटतंच.

टेस्टिंग अर्ध्या तासात उरकू नका, काही आठवडे घरी वापरू द्या, मग दोघांना वेगवेगळं विचारा. "आवडलं का" विचारून काही हाती लागत नाही, "परवा रात्री दिवा लागला तेव्हा काय करत होतात, काय वाटलं" असं विचारा.

आणि जोडी तोडायचं बटण पहिल्या प्रोटोटाइपपासूनच ठेवा, एकट्याने दाबलं तरी दोन्ही दिवे एकमेकांपासून सुटले पाहिजेत आणि सर्व्हरवरचा डेटाही गेला पाहिजे, समोरच्याची परवानगी न मागता.