वॉटर पार्क की राइड्सचं पार्क? ठाणे-नवी मुंबईहून निघण्याआधी या चुका टाळा

शाळांना सुट्टी लागली की सोसायटीच्या ग्रुपवर पिकनिकचा विषय निघतोच. कुणीतरी तिकिटाच्या ऑफरचा फोटो टाकतं, कुणी रोलर कोस्टरचा व्हिडिओ, आणि शनिवारी रात्री अकरा वाजता ठरतं की उद्या निघायचं. कोण कोण येणार याची मोजदाद त्यानंतर होते. हा क्रम उलटा करा. बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात लहान कोण, सगळ्यात थोर कोण आणि पाण्याची किंवा उंचीची मनापासून भीती कुणाला, हे आधी बघा आणि त्या तिघांवरून पार्क ठरवा. बाकीच्यांना कुठेही मजा येतेच.

आजीला पिशव्यांपाशी बसवणं

ही चूक सगळ्यात जास्त घरांत होते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. वॉटर पार्कमध्ये पाण्यात उतरायचं तर नायलॉनचा किंवा लायक्राचा कॉस्च्युमच लागतो. साडी, सुती सलवार-कुर्ता, जीन्स, बर्म्युडा यांना मनाई असते. घरातून निघताना हे आजीला, काकूला कुणी सांगत नाही. तिथे पोचल्यावर भाड्याच्या काउंटरवरचे कपडे बघून त्या म्हणतात, ‘तुम्ही जा, मी बसते इथे.’ मग सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत त्या माउलीच्या मांडीवर सहा जणांचे कोरडे कपडे, पायाशी चपलांचा ढीग आणि हातात सगळ्यांचे मोबाइल. तिकीट मात्र पूर्ण काढलेलं.

उपाय अवघड नाही. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखालपर्यंत झाकणारा नायलॉनचा टॉप आणि खाली लेगिंग असे सेट कपड्यांच्या बाजारात आणि ऑनलाइन सहज मिळतात. आठवडाभर आधी घरी आणून दाखवले, घालून बघितले, तर निम्म्या बायका आनंदाने तयार होतात. लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर बसून नुसतं वाहत राहायला साठीच्या माणसालाही आवडतं. आणि तरीही नको वाटत असेल तर त्या दिवशी वॉटर पार्क रद्द करा. राइड्सच्या पार्कात साडी नेसून शो बघता येतात, सावकाश चालणाऱ्या बंदिस्त राइडमध्ये बसता येतं. तिथे अडचण असते ती चालण्याची. गुडघे दुखत असतील तर मोठ्या थीम पार्कमध्ये दुपारपर्यंतच माणूस थकतं, हे लक्षात घेऊन मधे बसायच्या जागा हेरून ठेवा.

सुती कपड्यांना मनाई का, असा वाद गेटवर रोज होत असतो. सूत पाणी पितं आणि जड होतं, त्याचा धागा सुटून फिल्टरमध्ये अडकतो, रंग पाण्यात उतरतो आणि ओला सुती कपडा घसरगुंडीवर अंगाला चिकटून कातडं सोलतो. चेन, बटणं, हुक यांनी स्लाइडच्या फायबरला ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांवर मागून येणाऱ्याची पाठ घासते. मंगळसूत्र, जोडवी, कडं, करदोट्यातलं चांदीचं पान हे सगळं घरीच ठेवा. पाण्यात पडलेला दागिना सहसा परत मिळत नाही.

मुलाचं वय सांगणं, उंची न मोजणं

राइडच्या तोंडाशी एक रंगवलेला खांब असतो. मूल त्याला पाठ लावून उभं राहतं, हळूच टाचा उचलतं, आई केस वर करून देते. तिथला माणूस हाताचा तळवा सपाट डोक्यावर ठेवतो, केस दाबले जातात, टाचा खाली येतात आणि दोन बोटं कमी भरतात. तासभर रांगेत उभं राहिल्यानंतरचं ते तोंड बघवत नाही.

मोठ्या रोलर कोस्टरला साधारण १२० ते १४० सेंटिमीटरच्या दरम्यान कुठेतरी किमान उंची ठरलेली असते. सात वर्षांचं मूल बहुधा १२० च्या आसपास असतं, त्यामुळे सहा ते नऊ हा वयोगट कायम कुंपणावर. नियम अडवायला केलेला नाही. खांद्यावरून येणारा हार्नेस किंवा मांडीवरचा बार ठरावीक बांध्यासाठी बनवलेला असतो. लहान अंग त्याच्याखालून सरकू शकतं. तेव्हा दोन सेंटिमीटरसाठी तिथल्या पोराशी हुज्जत घालू नका आणि बुटात कागद घालून मुलाला वर चढवू नका.

घरी भिंतीला टेकवून, अनवाणी, टेपने उंची मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर राइडनिहाय उंची बघून यादी मुलासमोर वाचा. कुठल्या राइडला बसता येणार आणि कुठल्या नाही, हे घरीच कळलं की रडारड होत नाही. बहुतेक ठिकाणी मुलांचं तिकीटही उंचीवरच ठरतं, त्यामुळे ही मोजणी पैशांचीही आहे. माझं मत विचाराल तर मूल १२० च्या खाली असेल तर वॉटर पार्क, १४० च्या वर गेलं की राइड्स. मधल्यांसाठी यादी बघूनच ठरवा.

मोठ्यांनीही स्वतःकडे बघावं. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, मानेचा किंवा कमरेचा मणका, फिट्स, नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि गरोदरपण यांत कोस्टरही नको आणि उंच स्लाइडही नको. घसरगुंडीला धोका कमी, असं वाटतं खरं, पण तळाशी पाण्यावर आपटताना कमरेला बसणारा हिसका चांगलाच असतो.

एका दिवसात दोन्ही उरकणं

खोपोली-पाली रस्त्यावरच्या इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ साली सुरू झालं, पुढच्या वर्षी शेजारी वॉटर पार्क. दोन्ही एकाच परिसरात असल्यामुळे एका तिकिटात दोन्ही होतं असा समज करून अनेक जण जातात. तिकिटं वेगळी आहेत, आणि समजा दोन्ही काढली तरी दिवस पुरत नाही. कपडे बदलायला रांग, लॉकरला रांग, अंघोळीला रांग, ओल्या केसांनी जेवण, पुन्हा बॅगा भरणं. यात सहज दोन तास जातात आणि मुलांच्या अंगातलं त्राणही. दोन्ही करायचीच असतील तर मुक्काम करा किंवा दोन वेगळ्या सुट्ट्या ठेवा.

ज्यांना थोडं हे, थोडं ते हवं आहे, त्यांनी एवढ्या लांब जायचीही गरज नाही. ठाण्यात मानपाड्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याला टिकुजीनी वाडी आहे. तिथे कोरड्या राइड्स आणि पाणी एकाच आवारात आहेत. तिथे जगातला सर्वांत वेगवान कोस्टर मिळणार नाही, पण चार वर्षांचं नातवंड आणि सत्तरीचे आजोबा असलेल्या घराला मी तेच सुचवेन. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं ठाण्याकडचं तोंड त्याच भागात असल्यामुळे रस्त्यावर बांधकामाची वर्दळ असते, तेव्हा लवकर निघा. नवी मुंबईकरांच्या अगदी लहान मुलांना नेरुळचं महापालिकेचं वंडर्स पार्क आणि सात आश्चर्यांच्या प्रतिकृतीही एका संध्याकाळीपुरत्या छान आहेत. तीन वर्षांच्या मुलाला त्याहून मोठं काही लागत नाही.

जुन्या आठवणीवर विसंबणं

आपल्यातल्या कित्येकांच्या शाळेची सहल गोराईला गेलेली असते. १९८९ साली सुरू झालेलं ते एस्सेलवर्ल्ड आता बंद आहे. १९९८ चं वॉटर किंगडम त्याच्या शेजारचं. ‘चला, मुलांना दाखवू’ म्हणून निघण्याआधी कुठलंही पार्क चालू आहे का, कुठल्या वारी बंद असतं, कुठल्या राइड दुरुस्तीला आहेत, हे त्यांच्याच वेबसाइटवर किंवा फोन करून विचारा. ठाण्याहून गोराईला गाडीने जाताना घोडबंदर, काशिमिरा, भाईंदर, उत्तन असा वळसा पडतो. गायमुख घाटात अवजड वाहनं अडकली की सकाळचा तास तिथेच जातो. बोरिवलीला गाडी ठेवून खाडी बोटीने ओलांडणं पुष्कळदा सोपं पडतं.

ऋतू न बघणं

मे महिन्यात कोरड्या राइड्सच्या पार्कात जाऊ नये, असं मी ठामपणे म्हणेन. आपल्याकडचा उन्हाळा दमट असतो, घाम वाळत नाही, आणि दुपारी एक ते चार रांगेत उभं राहिलेलं मूल मळमळायला लागतं; ते राइडमुळे नसून उन्हामुळे असतं. मे आणि ऑक्टोबर पाण्याचे. डिसेंबर-जानेवारी राइड्सचे, कारण तेव्हा सकाळच्या गार पाण्यात लहान मुलं अर्ध्या तासात काकडतात, ओठ निळे पडतात.

पावसाळ्याचं गणित वेगळं. खोपोलीकडे घाटाचा पाऊस, ठाण्यापेक्षा दांडगा. विजा कडाडल्या किंवा जोराचा वारा सुटला की उघड्यावरचे कोस्टर थांबवतात, आणि थांबवायलाच हवेत. पैसे त्यासाठी सहसा परत मिळत नाहीत. वॉटर पार्क रिमझिम पावसात झकास असतं, गर्दीही कमी असते, पण विजा असतील तर पाण्यातूनही बाहेर यावंच लागतं. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून अर्धा तास छपराखाली थांबा.

वेव्ह पूलमध्ये पोराला सोडून फोटो काढणं

इथे जरा थांबून वाचा. वेव्ह पूलच्या लाटा सतत नसतात. भोंगा वाजतो, काही मिनिटं लाटा येतात, मग पाणी शांत होतं. भोंगा वाजला की सगळी गर्दी आरडाओरडा करत एकदम खोल बाजूकडे सरकते आणि तेवढ्यात लहान मूल मोठ्यांच्या पाठींमागे दिसेनासं होतं. बुडणारं माणूस सिनेमातल्यासारखं हात हलवून हाका मारत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, मान मागे, आवाज नाही. कडेला उभं राहून लक्ष ठेवणं पुरेसं नसतं. हात लांब केला की मुलाला लागला पाहिजे, एवढ्या अंतरावर एक मोठं माणूस असायला हवं, आणि ते कोण हे नाव घेऊन ठरलेलं हवं. चार मोठे असले की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. फुगवायच्या बाह्या आणि रबरी रिंग ही खेळणी आहेत. पार्कचं लाइफ जॅकेट मापाचं घेऊन त्याचे सगळे पट्टे लावा. गळ्याभोवती वर सरकत असेल तर ते मोठं आहे, बदलून घ्या.

मुलाला भडक रंगाचे कपडे घाला. निळ्या पाण्यात निळा कॉस्च्युम दिसत नाही. केशरी किंवा पोपटी दिसतो.

ऐन वेळी काही बिघडलं तर

डोळे लाल झाले, नाक चुरचुरतंय: क्लोरीन जास्त टाकलंय असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात घाम आणि लघवी क्लोरीनशी मिसळून जे संयुग तयार होतं, त्याने डोळे चुरचुरतात आणि तो उग्र वासही त्याचाच. साध्या पाण्याने डोळे धुवा, त्या कुंडातून बाहेर या. उतरण्याआधी साबणाने अंघोळ आणि मुलांना तासाला एकदा बाथरूमला नेणं, यानेच हे टळतं. कॉन्टॅक्ट लेन्स लावून पाण्यात उतरू नका. घरात कुणाला जुलाब होत असतील तर त्याला आणूच नका, कारण काही जंतू क्लोरीनमध्येही दिवसचे दिवस तग धरतात.

राइडनंतर उलटी: सावलीत बसवा, नजर लांबच्या स्थिर वस्तूवर, पाणी घोटघोट. सकाळी मिसळ, वडे खाऊन कोस्टरवर बसायचं नाही. इडली, पोहे, केळं बरं. गाडी लागणाऱ्याला गोल फिरणाऱ्या राइड्स कोस्टरपेक्षा जास्त त्रास देतात. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी. तिने झोप येते हे धरून चला.

मूल हरवलं: सगळ्यांनी चारी दिशांना पळू नका. एकाने शेवटचं पाहिलेल्या जागी थांबायचं, एकाने जवळच्या गार्डला सांगून घोषणा करायला लावायची. पाण्याजवळ हरवलं असेल तर आधी पाणी बघा, मग दुकानं. सकाळी आत शिरतानाच मुलाचा फोटो काढून ठेवला तर कपड्यांचा रंग आठवत बसावा लागत नाही. मनगटावर पक्क्या शाईच्या पेनने आपला नंबर लिहा.

परतीचा विचार न करणं

पाच-साडेपाचला पाणी बंद झालं की सगळे एकदम चेंजिंग रूमकडे धावतात. एक बाक, त्यावर वीस पिशव्या, खाली चिखलाचं पाणी, लॉकरच्या डिपॉझिटची पावती कुणाकडे आहे ते आठवत नाही. अर्धा तास आधी बाहेर या, हे सगळं टळतं. ओल्या कॉस्च्युमसाठी प्लास्टिकची जाड पिशवी आणि प्रत्येकाचा कोरडा जोड वेगळ्या पिशवीत, नाव लिहून.

लोकलने खोपोलीला जाणार असाल तर परतीची गाडी सकाळीच बघून ठेवा. खोपोलीच्या गाड्या मोजक्या असतात, आणि त्या नसल्या तर कर्जतला बदलावं लागतं. स्टेशन ते पार्क हा टप्पाही रिक्षाचा आहे, संध्याकाळी सगळ्यांनाच एकदम रिक्षा हवी असते. गाडीने जाणाऱ्यांनी चालवणारा आधीच नेमावा. दिवसभर ऊन आणि पाणी अंगावर घेतलेल्या माणसाला एक्सप्रेसवेच्या सरळ रस्त्यावर डुलकी लागते, मागच्या सीटवरचे सगळे झोपलेले असतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्याने तीननंतर पाण्यात उतरायचं नाही, जेवून तासभर सावलीत आडवं व्हायचं, आणि निघताना शेजारच्या सीटवर जागं राहणारं, बोलत राहणारं माणूस बसवायचं. दुसरा चालवणारा नसेल आणि डोळे जड वाटत असतील तर एक्सप्रेसवेला न चढता खालापूर, चौकवरून जुन्या हायवेने पनवेलकडे या. पहिल्या चांगल्या हॉटेलात थांबा, मुलांना खायला घाला आणि अर्धा तास झोप काढून मगच गाडी पुढे काढा.