ड्रेस्डेनमध्ये नवीन आहात? आधी दगड बघायला शिका

नोकरीला किंवा टीयूत (इथल्या तांत्रिक विद्यापीठात) शिकायला आलेली आपली मंडळी पहिल्याच रविवारी फ्राउएनकिर्शेसमोर फोटो काढतात आणि ‘काय जुनं गाव आहे!’ म्हणून घरी पाठवतात. जरा थांबा. समोर दिसतंय ते चर्च २००५ साली पुन्हा उभं राहिलेलं आहे. मूळ इमारत १७४३ची. बॉम्बहल्ल्यानंतर १५ फेब्रुवारी १९४५ला ती कोसळली आणि पूर्व जर्मनीच्या काळात तो ढिगारा स्मारक म्हणून तसाच ठेवला गेला. भिंतीत मधूनच दिसणारे काळे दगड त्या ढिगाऱ्यातून निवडून काढलेले. घुमटावरचा क्रूस ब्रिटनमध्ये घडवला. तो घडवणाऱ्या कारागिराचे वडील याच शहरावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचे वैमानिक होते. जुना, वाकलेला क्रूस आत ठेवलाय, तो चुकवू नका.

पण काळा दगड म्हणजे जुना, हा हिशेब गावभर चालत नाही. इथला वालुकाश्म हवेनं आपोआप काळवंडतो. त्स्विंगर हा जुना शाही महाल काळाकुट्ट दिसतो, पण तोही उद्ध्वस्त होऊन पुन्हा बांधलेला. चर्चभोवतीची ती गोंडस घरं तर बहुतेक गेल्या पंचवीस-तीस वर्षांतली.

खरोखर वाचलेलं काही बघायचं तर दोन मिनिटांवर फ्युर्स्टनत्सुग आहे: माइसनच्या पोर्सेलीन फरशांचं, शंभर मीटरहून लांब, राजघराण्याच्या मिरवणुकीचं भित्तिचित्र. तिकीट नाही, पाहुण्यांना रात्री न्या. राफाएलची ‘सिस्टिन मॅडोना’ त्स्विंगरमध्ये आहे. खालच्या कठड्यावर रेललेले दोन देवदूत तुम्ही कुठल्यातरी कपावर नक्की पाहिले असतील. ते दालन सोमवारी बंद असतं, रेसिडेन्त्सश्लॉस या राजवाड्यातली संग्रहालयं मंगळवारी. आईबाबा भारतातून येणार असतील तर ‘ग्रीन व्हॉल्ट’ या राजवाड्यातल्या खजिन्याच्या ऐतिहासिक दालनांचं तिकीट आधीच काढा, ते ठरलेल्या वेळेचंच मिळतं.

नंतर एल्बे नदी ओलांडून आउसर नॉयश्टाट या वस्तीत जा. तिथल्या गल्ल्या हल्ल्यातून बऱ्याच वाचल्या, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचं ड्रेस्डेन तिथे जास्त सापडतं. टाइल्सनी मढवलेलं प्फुंडचं दूध-चीजचं दुकान बघून लगेच बाहेर पडा, गर्दी असह्य होते. जाताना आउगुस्टुसब्रुके हा पूल धरा. शेजारच्या कारोलाब्रुकेचा एक भाग सप्टेंबर २०२४ मध्ये नदीत कोसळला, तिथून पलीकडे जाता येत नाही.

१३ फेब्रुवारी ही १९४५चा बॉम्बहल्ला सुरू झाल्याची तारीख मात्र लक्षात ठेवा. त्या दिवशी मोर्चे निघतात, ट्राम वळवतात. मृतांचे लाखांतले आकडे कानावर आले तर विश्वास ठेवू नका, त्यांची सुरुवात नाझी प्रचारात आहे. इतिहासकारांच्या आयोगानं जास्तीत जास्त २५,००० म्हटलंय. संध्याकाळी लोक हातात हात धरून जुन्या शहराभोवती साखळी करतात. ऑफिसातल्या कुणी बोलावलं तर जा, जर्मन येत नसलं तरी चालतं. जाड मोजे घाला, बराच वेळ उभं राहावं लागतं.