सबनेटिंग डोक्यात शिरत नाय? टेबल बाजूला ठेवा, कागद-पेन घ्या

सबनेटिंग म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडणं. ते शिकणाऱ्या कुठल्याही पोराची वही उघडा, पहिल्याच पानावर एक लांबलचक टेबल असणार, स्लॅश २४ ला इतके होस्ट म्हणजे मशीन, स्लॅश २५ ला तितके, आणि ते घोकण्यात आठवडा जातो नि मुलाखतीत प्रश्न जरा वाकडा आला की सगळं पुसलं जातं. घोकायची गरजच नाय. कॉम्प्युटर पॅकेट म्हणजे डेटाचा तुकडा पाठवायच्या आधी एकच गोष्ट बघतो, समोरचा माझ्याच नेटवर्कात आहे की बाहेरचा. आतला असेल तर थेट पाठवतो, बाहेरचा असेल तर गेटवेच्या म्हणजे राउटरच्या गळ्यात मारतो. आत-बाहेर हे ठरतं मास्कवरून, म्हणजे पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणाऱ्या आकड्यावरून. म्हणजे हद्द कुठे पडते ते काढता आलं की सबनेटिंग आलं, बाकी सगळा त्याचाच पसारा.

आपल्या गावात कशा खालची वाडी, मधली वाडी, वरची वाडी असतात, तसे हे नेटवर्कचे तुकडे. पत्त्याचा पुढचा भाग वाडी सांगतो, मागचा भाग घर. आता ही वाडी संपते कुठे ते बघू.

आयपी पत्ता म्हणजे ३२ बिट (प्रत्येक बिट ० किंवा १), आठ-आठचे चार गट, म्हणून प्रत्येक गटात ० ते २५५. स्लॅश २६ लिहिलं की पहिले २६ बिट वाडीचे आणि उरलेले ६ घरांचे. सहा बिटांत २ चा सहावा घात म्हणजे ६४ पत्ते बसतात, त्यातला पहिला नेटवर्कचा स्वतःचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, म्हणून मशीनना द्यायला ६२. (दोन राउटरमधल्या लिंकला स्लॅश ३१ चालतं, तिथे हे वजा दोन लागत नाय, पण तो अपवाद आत्ता सोडा. क्लाउडवाले अजून खातात, अॅमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक सबनेटमागे पाच पत्ते ते स्वतःकडे ठेवतात.)

आता खरी मेख. १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता घ्या. मास्कमध्ये वाडीच्या बिटांच्या जागी १ आणि घरांच्या जागी ० असतात. चौथ्या गटात वाडीचे २ बिट आले, म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा १२८ अधिक ६४ बरोबर १९२, पूर्ण मास्क २५५.२५५.२५५.१९२. आता २५६ मधून १९२ वजा करा, आले ६४. हा तुमचा ब्लॉक. आता फक्त ६४ चा पाढा, ०, ६४, १२८, १९२. ७७ कुठे बसला? ६४ आणि १२८ च्या मध्ये. झालं, नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७, मशीनना ६५ ते १२६. बायनरीत खात्री करायची असेल तर ७७ म्हणजे ०१००११०१, मास्कचा १९२ म्हणजे ११००००००, दोघांचं अँड केलं, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवला, की ०१०००००० उरतं, म्हणजे ६४ च. एकदा हाताने करून बघाच, मग त्या वजाबाकीवर विश्वास बसतो नि परत बायनरीत शिरावं लागत नाय.

मास्कमध्ये येऊ शकणारे आकडेही मोजकेच, ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. कोणी २५५.२५५.२५५.२०० असा मास्क दाखवला तर तो चुकीचा आहे, बिनधास्त सांगा.

पोरं खरी अडकतात ती तिसऱ्या गटात. १७२.१६.३७.२००/२० घ्या. २० बिट म्हणजे पहिले दोन गट पूर्ण आणि तिसऱ्यातले ४, मास्क २५५.२५५.२४०.०, ब्लॉक २५६ वजा २४० म्हणजे १६, पण हा पाढा तिसऱ्या गटात म्हणायचा. ०, १६, ३२, ४८. ३७ पडला ३२ मध्ये, म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.० आणि ब्रॉडकास्ट १७२.१६.४७.२५५. तो २०० या हिशोबात कुठेच आला नाय, बघितलंत? मास्कचा जो आकडा २५५ ही नाय आणि ० ही नाय, त्याच गटात काम असतं, बाकीच्या गटांकडे ढुंकूनही बघू नका.

आता कामाचं उदाहरण. समजा तारकर्लीत एक रिसॉर्ट आहे, पाहुण्यांच्या वायफायला १०० पत्ते, कॅमेरे २५, ऑफिस आणि बिलिंगला १०, आणि दोन राउटरमधल्या लिंकला २. मालकाचं म्हणणं एवढंच असतं, "माका बाकीचा काय सांगू नको, पावण्यांचो वायफाय बंद पडाक नको." तुमच्याकडे १९२.१६८.१०.०/२४.

सगळ्यात मोठी गरज आधी. १०० ला १२८ चा ब्लॉक, म्हणजे स्लॅश २५, ० ते १२७. मग कॅमेऱ्यांना ३२ चा, स्लॅश २७, १२८ ते १५९. ऑफिसला १६ चा, स्लॅश २८, १६० ते १७५. लिंकला ४ चा, स्लॅश ३०, १७६ ते १७९. पुढचं सगळं मोकळं, उद्या दोन खोल्या वाढल्या तर वाढू देत.

मोठी आधी का? कारण ब्लॉक आपल्या पाढ्यातल्या आकड्यावरच सुरू होतो, कुठूनही नाय. तुम्ही लिंक आधी ठेवून ० ते ३ घेतलंत तर पाहुण्यांचा १२८ चा ब्लॉक ४ पासून सुरू होऊच शकत नाय, तो थेट १२८ वर जाऊन बसतो आणि मधली जागा तुकड्यातुकड्यांत उरते.

आता खरं सांगायचं तर रिसॉर्टला एवढी काटकसर कोणी करत नाय आणि करूही नये. १०, १७२.१६ आणि १९२.१६८ वाल्या खाजगी पत्त्यांना पैसे पडत नाहीत, मे महिन्यात एकेका पाहुण्याकडे दोन-दोन मोबाईल असतात, सरळ पाहुण्यांना स्लॅश २३ द्या नि निवांत राहा. पण कॅमेरे आणि बिलिंग पाहुण्यांपासून वेगळे ठेवाच, आणि नुसता सबनेट वेगळा करून भागत नाय, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं पाडायची सोय) आणि फायरवॉलचा, म्हणजे कोणाला कुठे जाऊ द्यायचं त्याचा, नियमही लागतो, नायतर राउटर इमानेइतबारे इकडचं तिकडे पोचवतोच. काटकसरीची पद्धत शिकायची ती परीक्षेसाठी आणि जिथे पब्लिक पत्ते मोजून मिळतात तिथल्यासाठी. या पद्धतीचा जन्मही टंचाईतूनच झाला, आधी ए, बी, सी असे ठरलेले साचे होते, ३०० मशीनवाल्याला सी पुरायचा नाय आणि बी घेतला तर ६५ हजार पत्ते अडकायचे, म्हणून १९९३ मध्ये साचे मोडून स्लॅशवाली पद्धत आली.

साइटवर बहुतेक वेळा हिशोब बरोबर असतो आणि मास्क भरताना घोळ होतो. वरच्या उदाहरणात कॅमेऱ्याला १९२.१६८.१०.१४० दिलं पण मास्क सवयीने २५५.२५५.२५५.० ठेवला. रेकॉर्डरला चित्र दिसणार, कारण तो त्याच ब्लॉकमध्ये आहे. पण ऑफिसच्या १६५ वरून कॅमेरा उघडणार नाय. कॅमेऱ्याला वाटतं १६५ पण आपल्याच वाडीतला, तो गेटवेकडे जातच नाय, थेट हाका मारत बसतो नि उत्तर काही येत नाय. केबल नि जॅक बदलायच्या आधी, खाऱ्या हवेने ते गंजतात हे खरंच, पण आधी मास्क बघा.

सरावाला ऑनलाइन कॅल्क्युलेटर उत्तर तपासायला वापरा, काढायला नको. पावसात लाइट गेली की नेट पण जातं, कागद चालूच राहतो. दोन देतो. १०.२०.३०.४०/२९ मशीनला देता येईल का? ब्लॉक ८ चा, ४० हा पाढ्यातलाच आकडा, म्हणजे तो नेटवर्कचाच पत्ता, नाय देता येणार. दुसरं, १९२.१६८.५०.१०० आणि १९२.१६८.५०.१३०, दोघांना स्लॅश २७, राउटरशिवाय बोलतील का? ३२ चा पाढा म्हणा, १०० पडतो ९६ च्या ब्लॉकमध्ये, १३० पडतो १२८ च्या. नाय बोलणार. आता हेच दोघे स्लॅश २४ वर नेऊन बघा, मग स्लॅश २५ वर.