शाळा व्यवस्थापन समितीची निवड पक्षाबाहेर कशी ठेवावी

शाळा व्यवस्थापन समितीच्या निवडीत पक्षाचे चिन्ह नसते, म्हणून तेथे पक्षही नसतो, असे समजून पालकांनी निर्धास्त राहू नये. ग्रामपंचायतीची निवडणूकसुद्धा पक्षचिन्हाविना होते, तरी कोणते पॅनेल कोणाचे हे सोलापूर जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाला ठाऊक असते. हेच गट शाळेच्या पालकसभेत येऊन बसले, तर स्वच्छतागृहाच्या तुटलेल्या दाराची चर्चा बाजूला पडते आणि अध्यक्षपद कोणत्या गटाकडे जाणार, एवढाच विषय उरतो. ते टाळायचे असेल तर तयारी सभेच्या दिवशी नव्हे, निदान पंधरा दिवस आधी सुरू करावी लागते.

प्रथम कायदा नीट समजून घ्यावा. शिक्षण हक्क अधिनियम २००९ मध्ये आला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत. म्हणजे समिती सोळा जणांची असेल तर किमान बारा पालक आणि किमान आठ महिला. याच कलमात स्थानिक प्राधिकरणाच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनाही स्थान दिलेले आहे. माझ्या मते पक्षाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळते. नगरसेवकाला किंवा ग्रामपंचायत सदस्याला त्याच्या हक्काची जागा कायद्यानेच दिलेली असल्यामुळे, पालकांच्या जागांवर त्याच्या माणसांनी दावा सांगण्याचे कारण उरत नाही.

सभेच्या तारखेचा आणि वेळेचा विचार सर्वांत काळजीपूर्वक करावा, कारण गटाची माणसे कोणत्याही वेळी येऊ शकतात, कष्टकरी पालक येऊ शकत नाहीत. सोलापूर शहराच्या पूर्व भागात आई विड्या वळते आणि वडील यंत्रमागावर पाळी करतात. तयार विड्या कारखान्यात देण्याच्या वेळी सभा ठेवली तर ती आई येणार नाही आणि तिची जागा दुसराच कोणी घेईल. माळशिरस, पंढरपूरकडच्या शाळांनी आषाढीच्या पालख्यांचे दिवस टाळावेत. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडण्यापूर्वीच निवड उरकावी. सूचना मुलांच्या वहीत लिहून द्यावी आणि शाळेच्या फलकावरही लावावी. महापालिकेच्या कन्नड, तेलुगू किंवा उर्दू माध्यमाच्या शाळेत ती त्या त्या भाषेत असावी, कारण सूचना न समजलेला पालक शेवटी शेजारच्या कार्यकर्त्यालाच विचारतो.

जागांची वाटणी इयत्तेनुसार करावी. प्रत्येक इयत्तेतल्या पालकांनी आपल्यातूनच प्रतिनिधी निवडला, तर गावभर एकच पॅनेल उभे करणे अवघड होते आणि पहिलीतल्या मुलाच्या अडचणी सातवीतल्या पालकाच्या भरवशावर राहत नाहीत. महिलांच्या व वंचित घटकांच्या जागा कोणत्या इयत्तांत भरायच्या, हे सभेपूर्वीच लिहून ठेवावे. पात्र पालकांची यादी हजेरीपटावरून तयार करून मुख्याध्यापकांनी आधीच फलकावर लावावी. ज्याचे मूल शाळेत नाही, त्याने सभागृहात बसून नावे सुचवू नयेत.

एका शाळेत मी पाहिलेली सभा मला अजून अस्वस्थ करते. अध्यक्षांसह सर्व नावे टंकलिखित होऊन आली होती, कोणीतरी ती वाचून दाखवली, टाळ्या पडल्या आणि दहा मिनिटांत सभा संपली. मागे बसलेल्या बायकांनी तोंड उघडले नाही, आणि मीही उघडले नाही, याची खंत मला आहे. म्हणून बिनविरोध निवडीचे कौतुक करण्यापूर्वी नावे कोणी सुचवली, हे भर सभेत विचारावे. एका जागेसाठी दोन नावे आली तर हात वर करण्याऐवजी चिठ्ठीवर मत घ्यावे, कारण ज्याच्याकडून उसनवारी घेतली आहे किंवा ज्याच्या शेतावर मजुरी करायची आहे, त्याच्या समोर विरोधात हात वर होत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी उमेदवारांच्या नावाचे वेगवेगळ्या रंगांचे कागद ठेवावेत आणि मोजणी सर्वांसमक्ष करावी.

पक्षाचा सदस्य असलेल्या पालकाला मज्जाव करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. तोही बाप आहे, आणि तहसील किंवा महापालिकेत पाठपुरावा करण्याची सवय त्याला असते. त्याला इतरांसारखेच प्रश्न विचारावेत: मूल कोणत्या वर्गात आहे, महिन्यातून एकदा सभेला याल का, पोषण आहाराचा तांदूळ पहिली ते पाचवीसाठी दररोज प्रतिविद्यार्थी १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम असतो, तो साठा नोंदवहीशी जुळवून पाहाल का. उत्तर गटाचे नाव सांगून आले, तर पालकांनी काय ते ओळखावे.

निवड झाल्यावर लगेच, त्याच सभेत, तीन ठराव करून घ्यावेत. शाळेच्या कार्यक्रमांच्या फलकांवर कोणत्याही पक्षाचे चिन्ह किंवा नेत्याचे छायाचित्र असणार नाही. महिला सदस्याच्या जागी तिचा पती बसणार नाही व सही करणार नाही. आणि प्रत्येक सभेचे इतिवृत्त, अनुदानाच्या खर्चासह, आठवड्याच्या आत फलकावर लागेल. ठराव इतिवृत्ताच्या नोंदवहीत लिहून झाल्यावर उपस्थितांच्या सह्या व अंगठे घ्यावेत आणि पालकांनी त्या पानाचे छायाचित्र काढूनच शाळेतून निघावे.