माळावरची मखमली मुंगी: दुर्मीळ जाती ओळखायची कशी?

सोलापूरच्या मुरमाड माळावर किंवा बांधाच्या कडेला एखादी केसाळ, तांबूस-काळी 'मुंगी' एकटीच लगबगीने पळताना दिसते. ती मुंगी नव्हे, म्युटिलिडी कुलातल्या गांधीलमाशीची बिनपंखी मादी आहे. नराला पंख असतात. बहुतेक जातींच्या अळ्या एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या आणि इतर गांधीलमाश्यांच्या घरट्यातली पिल्ले खाऊन वाढतात, म्हणून जमिनीतल्या अशा घरट्यांच्या भोकांजवळ शोधा. वेळ सकाळी ऊन तापायच्या आत, नाहीतर ऊन उतरल्यावर.

हाताने अजिबात धरू नका. मादीची नांगी लांब असते, डंख फार झोंबतो. तिच्या वाटेत काचेची शिशी आडवी धरा आणि काडीने तिला आत वळवा. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मात्र वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय एकही कीटक पकडू नका.

मग पाय मोजा. आठ असतील तर तो मृगाचा किडा किंवा मुंगीचे सोंग घेतलेला कोळी. सहा असतील तर 10 पट भिंगातून शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, पाहा: मुंगीच्या शृंगिका कोपरासारख्या ठळक वाकलेल्या असतात, हिच्या तशा नसतात. मादीच्या शृंगिकेत 12 खंड, नराच्या 13. चिमट्यात धरल्यावर उदराचे खंड एकमेकांवर घासून ती चिरचिरते, ही खूणही उपयोगी पडते.

खरी परीक्षा पुढे, सूक्ष्मदर्शकाखाली. कमरेपासून उदराचे खंड मोजा. दुसरा खंड सर्वांत मोठा असतो, आणि बहुतेक जातींत त्याच्या दोन्ही कडांना आखूड, दाट केसांची बारीक रेघ असते, जणू नमद्याची पट्टी चिकटवली आहे. प्रकाश तिरपा पडू द्या, समोरून टाकलेल्या उजेडात ती हरवते. नंतर वक्ष पाहा. मादीचे वक्ष वरून एकसंध पेटीसारखे असते. पुढचा भाग सांध्याने स्पष्ट वेगळा दिसला तर नमुना मिर्मोसिनी गटातला असू शकतो. त्या गटाला काही तज्ज्ञ आता वेगळे कुल मानतात.

जिनस (जवळच्या जातींचा गट) आणि जाती ठरवण्यासाठी या गोष्टी टिपा: जबड्याचे दात, वरून दिसणारा वक्षाचा आकार, वक्षाच्या मागच्या भागावर छोटा खवला आहे की नाही, दुसऱ्या खंडावरच्या ठिपक्यांची जागा, आणि शेवटच्या खंडावरच्या चकतीचे कोरीवकाम. चकतीवर रेघा आहेत, दाणे आहेत की ती गुळगुळीत आहे, हे नीट लिहा.

रंगावर विसंबलात तर हमखास फसाल. लांबच्या नात्यातल्या जातीही लाल वक्ष, काळे पोट आणि पांढरे ठिपके अशा एकाच वेशात असतात. शिवाय अनेकींचे ठिपके केसांचेच असतात. म्हाताऱ्या मादीचे केस झिजले की ठिपका नाहीसा होतो आणि जुनीच जाती 'नवी' वाटू लागते. केसांची मुळे, म्हणजे बारीक खळगे, पाहिले की उलगडा होतो.

नमुना ठेवायचा असेल तर इथिल अ‍ॅसिटेटच्या वाफेने मारा. अल्कोहोलमध्ये केस चिकटून खूण पुसट होते. डीएनएसाठी एक पाय तेवढा 95 टक्के अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवा. अंगाचे कवच इतके कठीण असते की बारीक टाचणी वाकते, म्हणून 3 नंबरची कीटक-टाचणी घेऊन ती वक्षात मध्यरेषेच्या जरा उजवीकडे सरळ घाला. लेबलवर गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, जमिनीचा प्रकार आणि गोळा करणाऱ्याचे नाव हवेच. लेबल नसलेल्या नमुन्याला संशोधनात किंमत नाही.

नाव लावताना ब्रिटिश भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवरच्या बिंगहॅम यांच्या 1897 सालच्या खंडाने सुरुवात करता येते, पण त्यात भारतातल्या बहुतेक जाती 'म्युटिला' या एकाच जिनसमध्ये आहेत. आज त्यांतल्या बऱ्याच स्मिक्रोमिर्मी, ट्रोगॅस्पिडिया, ओडोन्टोम्युटिला अशा जिनसांत गेल्या आहेत, तेव्हा सध्याचे नाव पडताळा.

दुर्मीळ म्हणण्याआधी एक अडचण लक्षात घ्या. नर-मादी इतके वेगळे दिसतात की कित्येक जातींचे एकच लिंग वर्णिलेले आहे. तुमची 'अनोळखी' मादी माहीत असलेल्या नराची जोडीदारीण असू शकते. जोडी समागमात सापडली किंवा डीएनए जुळला, तरच तो संबंध पक्का धरा. पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, तिथल्या संग्रहाशी ताडून पाहण्यासाठी आधी लेखी विचारणा करा. तोवर लेबलवर जिनसचे नाव आणि पुढे 'एसपी.' (म्हणजे जाती अजून ठरलेली नाही) एवढेच लिहा.