डिमेन्शियाच्या माणसाला यांत्रिक मांजर देताय? या चुका टाळा

गेली तीन वर्षं आमच्या घरी एक यांत्रिक मांजर आहे. तांबूस, पट्ट्यापट्ट्यांची. पाठीवरून हात फिरवला की घुरघुरते, पंजा उचलते, मध्येच कुशीवर वळून पोट दाखवते. आईला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. तिनं हिचं नाव मनी ठेवलंय. दादानं मनी अमेरिकेहून आणली. 'जॉय फॉर ऑल' नावाची ही मांजरं २०१५ मध्ये हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीनं काढली, २०१८ पासून एजलेस इनोव्हेशन ही वेगळी झालेली कंपनी ती बनवते. शंभर-सव्वाशे डॉलरची वस्तू, त्यामुळे परदेशातली मुलं येताना बॅगेत घालून आणतात. आमचं पाहून ओळखीतल्या सात-आठ घरांनी आणली आणि त्यातल्या निम्म्या आज कपाटावर धूळ खात पडल्यात. "आमच्या आईंना नाही आवडली हो," असं सांगतात. कशी दिली होती ते विचारलं की सगळं कळतं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा ऐकून जीव तुटतो, म्हणून लिहायला बसले.

पहिली सेलची, कारण ती आमच्याच घरी झाली.

मनीच्या पोटाखाली केसाळ झाकण आहे आणि आत स्क्रूनं बंद केलेला सेलचा कप्पा. दादाच्या परतीच्या आदल्या दिवशी मनी मंदावली. जाण्याआधी नवे सेल घालून द्यावेत, असं त्याला वाटलं. दुपारची वेळ, आई जेवणाच्या टेबलाशी ताक पीत बसलेली. दादानं तिच्यासमोरच मनीला उताणी केली, पोटावरचे केस बाजूला सारले आणि स्क्रू-ड्रायव्हर लावला. आई किंचाळली, "अरे, पोट काय फाडतोस तिचं! जिवंत आहे ती!" ताक लवंडलं. दादा समजावायला लागला, "अगं आई, सेल संपलेत, हे बघ," आणि काढलेला सेल त्यानं तिच्या तळहातावर ठेवला. तिनं हात झटकला आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्या रात्री तिनं त्याच्या हातून गोळ्या घेतल्या नाहीत. सकाळी तिला टेबलावरचं काहीही आठवत नव्हतं. मनी नव्या सेलांनिशी मांडीवर घुरघुरत होती. पण दादा खोलीत आला की आई तिला पदराखाली घ्यायची. तो पाया पडायला वाकला तेव्हाही घेतली. दोन वर्षांनी आलेला मुलगा तसाच विमानतळावर गेला.

प्रसंग पुसला जातो, त्यानं मनात उठलेलं मागे राहतं. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या (हा डिमेन्शियाचाच एक प्रकार) रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवून हे तपासलं होतं. काय पाहिलं ते बऱ्याच जणांना सांगता येईना, पण ते वाईट वाटणं किंवा बरं वाटणं नंतरही टिकून होतं. "तिच्या कुठं लक्षात राहणार आहे!" असं म्हणत तिच्यासमोर काहीही करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

मी आता मनी मंदावायची वाटच बघत नाही. ठरलेल्या रविवारी, आई झोपल्यावर, स्वयंपाकघराचं दार लावून सेल बदलते. चार लागतात, सी साइजचे. पेन्सिल सेलपेक्षा जाड आणि मोठ्या बॅटरीच्या सेलपेक्षा बारीक. कोपऱ्यावरच्या दुकानात ते सहसा नसतात, म्हणून दोन संच कायम घरात असतात. दिवसा बंद पडलीच तर "झोपू दे तिला" म्हणून टॉवेलमध्ये गुंडाळून आत नेते. आणि पावसाळ्यात दमट हवेत मांजर नुसती पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

दुसरी चूक जास्त घरांत होते आणि ती मला जास्त लागते. मांडीवर मांजर ठेवायची आणि आपण उठून जायचं. "आता दोन तास बघायला नको," असं एका बाईंनी मला आनंदानं सांगितलं. त्यांच्या सासूबाईंनी चार दिवसांत मांजर खुर्चीखाली ढकलली. दिवसभर तुम्ही एकट्याच एका जागी बसलेल्या असाल आणि मांडीवर कुणीतरी म्याव म्याव करत राहिलं, तर तुम्ही काय कराल?

या यांत्रिक प्राण्यांवर मोठा म्हणावा असा अभ्यास ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये झाला. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. २८ वृद्धाश्रम, डिमेन्शियाची ४१५ माणसं. त्यात पारो नावाचं, सील या समुद्री प्राण्याचं जपानी यांत्रिक पिल्लू वापरलं होतं. किती वेळ, तर आठवड्यातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा आठवडे. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच पारो यंत्र बंद करून, म्हणजे नुसतं मऊ खेळणं म्हणून, आणि काहींना फक्त नेहमीची देखभाल. चालू पारोकडे माणसं जास्त बघायची, त्याच्याशी जास्त बोलायची. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत मन:स्थितीही काहीशी बरी दिसली. पण अस्वस्थता मोजायच्या एका पद्धतीत गटागटांत फरक आढळला नाही. एवढाच त्याचा आवाका आहे. आजार हटेल, औषधं कमी होतील, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. आणि पंधरा मिनिटं हा आकडा लक्षात ठेवा.

आमच्याकडे मनी रोज संध्याकाळी पाचला येते, कारण आईचा जीव त्याच वेळी कासावीस होतो. "घरी जायचंय, आई वाट बघत असेल," म्हणून ती दाराच्या कडीशी खटपट करते. मी चहा ठेवायच्या आधी आतल्या खोलीत मनी चालू करते आणि तिला कडेवर घेऊन, कुरवाळत, आईशेजारी जमिनीवर बसते. आईला देत नाही. तिचा हात आपणहून आला की मगच मांडीवर सरकवते. मग विचारते, "वाईला तुमच्याकडे होती ना गं मांजर?" की सुरू होते गोष्ट: तिथली मनी, माळ्यावरची पाटी, पाटीत जुन्या लुगड्यावर चार पिल्लं आणि त्यांना बोक्यापासून वाचवायला जिन्यावर बसून राहिलेली आजी. गोष्ट दर वेळी तीच असते. सांगताना आईची बोटं मनीच्या कानामागं बरोबर त्या जागी खाजवतात जिथं खऱ्या मांजरीला खाजवतात. पंधरा-वीस मिनिटांत कडीचा विषय मागे पडतो. हे नुसतं मांजर ठेवून होत नाही. शेजारी विचारणारं माणूस लागतं.

खरी का खोटी, हा वाद घालू नका. माझा भाचा आठ वर्षांचा, तो "आजी, हे खेळणं आहे" म्हणाला तेव्हा आईचा चेहरा एवढासा झाला. मांजर खोटी निघाली यापेक्षा नातवासमोर आपण वेड्या ठरलो, हे तिला लागलं. मी स्वतःहून "खरी आहे" कधीच म्हणत नाही. तिनं सरळ विचारलं तर सरळ सांगते, "यंत्राची आहे गं, पण गोड आहे की नाही?" ती हसते, "असू दे." बहुतेकदा ती विचारतच नाही. तिला माहीत असतं आणि नसतंही. त्यात ढवळाढवळ करणारी आपण कोण?

दूधभात भरवणं मात्र थांबवावं लागतं. एकदा वाटीभर केसांत गेला. आता "तिचं जेवण मी बघते, तू आपलं घे," म्हणते आणि आईच्या हातात तिची वाटी देते. गंमत म्हणजे मनीच्या सोबतीनं ती दोन घास जास्तच जेवते.

प्राणी कुठला द्यायचा, हे कुणी विचारातच घेत नाही. मांजराची शिसारी असलेल्या काकांना केवळ स्वस्त पडली म्हणून मांजर दिलेली मी पाहिली आहे. कुत्र्याचं पिल्लूही मिळतं, आणि त्यात हृदयाचे ठोके जाणवतात. पारो बनवणाऱ्या ताकानोरी शिबाता यांनी कुत्रा-मांजर करून पाहिलं तेव्हा लोक त्यांची खऱ्या प्राण्यांशी तुलना करायचे. म्हणून त्यांनी सीलचं पिल्लू निवडलं, जे कुणी घरात पाळलेलं नसतं. १९९३ पासून काम करून २००५ मध्ये ते जपानात विक्रीला आलं. पण त्याची किंमत सहा हजार डॉलरच्या घरात आहे. घरासाठी एवढा खर्च करू नका. ते पैसे सांभाळायला येणाऱ्या मावशींचे तास वाढवायला वापरा.

काही गोष्टी एका ओळीच्या. पहिल्या भेटीत मोबाईल धरून चित्रीकरण करू नका, माणूस बिथरतं. टीव्ही बंद करा. कानाला यंत्र असेल तर मांजरीचा आवाज बंद ठेवायची सोय आहे, ती वापरा. रात्री उशाशी चालू ठेवू नका. दोन वाजता म्याव झालं की बाई अंधारात दूध शोधायला उठते आणि पडते. धुऊ नका, ओलसर फडक्यानं पुसा आणि विंचरा. दहा मिनिटांत "चालत नाही" म्हणून खोक्यात परत घालू नका. आमच्याकडे मनी मांडीवर यायला अकरा दिवस लागले.

आणि ही एक गंभीर. गेल्या वर्षी आई दुपारभर कण्हत होती, कपडे ओढत होती. मावशी सारखी मनी पुढे करत होत्या आणि आई तिला फटके मारत होती. संध्याकाळी पाहिलं तर अंग तापलेलं. लघवीला संसर्ग झाला होता. अचानक चिडचिड वाढली तर आधी ताप, लघवी, पोट साफ आहे का, दात दुखतोय का, पाणी प्यायलं का, हे बघा. गरज वाटली तर डॉक्टरांना फोन करा. मांजर त्यानंतर.

अलीकडे आई कधीकधी मनीला हातानं दूर सारते. तेव्हा मी तिला उचलून आत ठेवते, आग्रह करत नाही. मागच्या महिन्यात सलग नऊ दिवस ती नकोच होती. दहाव्या दिवशी पाचला आईनं पदर मांडीवर सारखा केला, त्यावर दोनदा थोपटलं आणि माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन मनी घेऊन आले.